मुलाखतीला गेलेल्या बाईचे कान

स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण पडलं. नुसतं पडलं नाही; पडून गरागरा फिरलं, फिरताना घुर्रर्र करत राहिलं आणि शेवटी ठण्ण करून आडवं झालं. दिवसभरातली तेवढीच पाऊण तासाची शांतता होती, ती संपली. पाच वर्षांची टिल्ली झोपली होती, एक पाय आईच्या मांडीवर टाकून. त्या पायाला धक्का न लावता, मांडीवरच्या उरलेल्या जागेत लॅपटॉप ठेवून आई नोकरीचा अर्ज भरत होती. 'स्वतःबद्दल तीनशे शब्दांत लिहा' असं एका चौकटीवर म्हटलं होतं. अर्ध्या तासात तिनं 'मी एक' इतकं लिहिलं होतं.

"पडलं गं. मी नाही पाडलं," सासूबाई आतून दबक्या आवाजात म्हणाल्या.

"झाकण पडलं म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय का, आई?"

"मला कशाला वाटेल? झाकणाला वाटत असेल तर विचार त्याला."

समुपदेशनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून घरात हे असंच चाललं होतं. समोरचा काय बोलतो ते मन लावून ऐकायचं, त्याच्या शब्दांमागची भावना ओळखून त्याच्यापुढे ठेवायची, सल्ला अजिबात द्यायचा नाही आणि ऐकलेलं कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते झोपेतसुद्धा निघत नव्हतं. नवरा तर हात जोडायचा. "अगं, दूध संपलंय एवढंच म्हणालो मी. दूध संपल्यानं पोकळी निर्माण झालीय असं नाही म्हणालो!"

शेवटच्या दिवशी वर्गातल्या बाईंनी फळ्यावर एक झाड काढून त्याला चार फांद्या काढल्या होत्या. "इतके मार्ग मोकळे आहेत तुम्हाला," त्या म्हणाल्या होत्या. तिनं ते झाड वहीत उतरवून घेतलं आणि एकेका फांदीला हात घालायला सुरुवात केली. दवाखान्याच्या फांदीनं दोन वर्षांचा अनुभव मागितला. तो कुठं मिळेल, असं विचारल्यावर उत्तर आलं, दवाखान्यात. एका कंपनीनं प्रयोग म्हणून एक दिवस बोलावलं. कर्मचारी नोकऱ्या सोडून जातायत, त्यांचं जरा ऐकून घ्या म्हणाले. तिनं एकाचं तासभर ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं हसतमुखानं राजीनामा दिला आणि जाताना साहेबांनाही मिठी मारली. कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही.

मग घरातच स्वतःचं काम सुरू करायचं ठरलं. वाळत घातलेले कपडे बाजूला सारून झोपायच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. पहिल्या आल्या शेजारच्या काकू. त्यांनी एक तास मन मोकळं केलं आणि मग पदर सावरून म्हणाल्या, "बरं, आता तुझं सांग. अशी का सुकलीस?" पुढचे दोन तास त्यांनी तिला सल्ले दिले. हिशेब केला तर समुपदेशन तिचंच जास्त झालं होतं.

उरली होती शाळेची फांदी. एका शाळेत मुलांसाठी समुपदेशक हवी होती. अर्धवेळ, टिल्लीची शाळा सुटायची तीच वेळ. अशी जागा पुन्हा निघणार नव्हती, आणि तिच्याकडेही थांबायला वेळ नव्हता. विम्याच्या ज्या कचेरीतली नोकरी सोडून ती हे शिकायला गेली होती, तिथल्या साहेबांनी निरोप धाडला होता, "सोमवारपर्यंत तुमची खुर्ची राखून ठेवतो. नंतर मात्र नाही." सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, मध्ये जळालेल्या गाड्यांचे फोटो. दोन वर्षं सासूबाईंनी आपल्या गुडघ्यांसकट टिल्लीला सांभाळलं होतं. आता परत त्याच खुर्चीत जाऊन बसायचं, तर कुठल्या तोंडानं?

मुलाखत शुक्रवारी होती. निघताना सासूबाईंनी बजावलं, "आज तू बोल हं. दुसऱ्यांचं ऐकत बसू नकोस."

"म्हणजे तुम्हाला काळजी वाटतेय की..."

"नीघ!"

शाळेच्या लांबलचक ओसरीवर, मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर एक बाक होता. त्याच्या एका टोकाला तेविशीची एक मुलगी बसली होती, कानात इयरफोन, तोंडात च्युइंगम. मुलाखतीला दोघीच आहेत असं शिपाई मावशींनी सांगितलं आणि त्या आत गेल्या. आपल्या लायकीची खात्री नसलेल्या माणसाला दुसऱ्याची फार वाटते. त्या मुलीचं ते निवांत चघळणं बघून हिनं नजर वळवली. तीनशे शब्द पाठ केले होते, ते ती मनात म्हणू लागली.

इतक्यात मधल्या जागेत एक कोटवाले गृहस्थ येऊन बसले. वय साठीचं. एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात काळा. कुणातरी मुलाचे आजोबा असणार, तक्रारीसाठी बोलावलं असेल, असं तिला वाटलं.

"तुम्हालाही बोलावलंय?" त्यांनी विचारलं.

"हो ना. छातीत धडधडतंय."

"माझ्याही," ते म्हणाले आणि तिनं पायांकडे पाहिलेलं पाहून पाय बाकाखाली घेतले. "मोजे सापडत नाहीत हो. कुठं ठेवलेत ते विचारता येत नाही."

इथं कुणीही सुज्ञ बाई 'अच्छा' म्हणून तीनशे शब्दांकडे वळली असती. ती म्हणाली, "विचारता येत नाही?"

झालं. नळाचा वॉशरच निघाला. गृहस्थ सांगू लागले. घरी एकवीस दिवस बायकोशी अबोला होता. सगळा व्यवहार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांनी चालला होता. "आणि गंमत सांगू? आम्ही कशावरून भांडलो तेच मला आठवत नाही. आता एकवीस दिवसांनी विचारायचं कसं, की बाई गं, आपलं बिनसलं कशावरून?"

"कारण आठवत नाही, आणि अबोला मात्र जपून ठेवावा लागतोय."

गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं. मग रुमाल काढला. "अगदी हेच. छत्तीस वर्षांत मला हे असं कुणी... अगदी हेच." ते रुमालात नाक शिंकरत असतानाच शिपाई मावशी बाहेर आल्या.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही इथं होय? चला की आत. मुलाखती घ्यायच्यात ना?"

गृहस्थ उभे राहिले. तीही उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं न्हाणीघराची कडी लावायला विसरलेला माणूस दार उघडणाऱ्याकडे पाहतो.

तोंडावर पाणी मारावं म्हणून ती ओसरीच्या टोकाच्या बायकांच्या स्वच्छतागृहात गेली. तिथं आरशासमोर एक उंच, करारी बाई उभ्या होत्या आणि आरशाला दात दाखवत होत्या. दात दाखवायच्या, चेहरा बघायच्या, 'छे' म्हणायच्या, पुन्हा दाखवायच्या. हिला पाहताच दात गडप झाले आणि भुवया वर चढल्या.

"काय बघताय?"

तिनं खरं तर 'काही नाही' म्हणायला हवं होतं. पण वर्गात पढवून ठेवलं होतं की दिसतंय ते नाकारू नये. "हसायचा सराव करताय तुम्ही," ती हळूच म्हणाली. "जमत नाहीये, याचा त्रास होतोय."

करारी बाईंनी नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "तीस वर्षं, बाई, तीस वर्षं मी रागावल्याचं नाटक करतेय. केलं नाही तर हजार मुलं डोक्यावर बसतील. आता घरी सहा महिन्यांची नात आलीय. ती माझ्याकडे बघून हसते आणि माझ्या भुवया आपोआप वर जातात. मग ती रडते. परवा सून म्हणाली, आई, तुम्ही तिला मागूनच घेत जा." त्यांचा आवाज चिरकला. "मागून! पोत्यासारखी!"

"तुम्हाला समोरून घ्यायचंय तिला."

नळ वाहत राहिला, बाईही वाहत राहिल्या. पाच मिनिटांनी त्यांनी चेहरा पुसला, तिचा हात दाबला आणि म्हणाल्या, "कुणाची आई तुम्ही? कुठल्या वर्गातल्या मुलाची?"

"मी मुलाखतीला आलेय."

भुवया पार केसांत जाऊन पोचल्या. याच मुख्याध्यापिका, हे तिला त्या क्षणी कळलं.

इयरफोनवाल्या मुलीची मुलाखत दहा मिनिटांत झाली. मग मावशींनी हिला आत बोलावलं. टेबलामागे तिघं होते. डावीकडे अध्यक्ष, मध्ये मुख्याध्यापिका आणि उजवीकडे बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ, वीस वर्षं समुपदेशन करणाऱ्या, मानेला चष्म्याची साखळी. ती बसते न बसते तोच अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "या उमेदवाराच्या बाबतीत मी मत देणार नाही. व्यक्तिगत कारण आहे."

"मीही देणार नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "व्यक्तिगत."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. "तुमच्या नात्यातल्या का?"

"छे! तुमच्या?"

"छे छे!"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिला दोघांचंही कारण माहीत होतं आणि दोघांनाही ते सांगता येत नव्हतं. ती छताच्या पंख्याकडे बघत बसली.

तज्ज्ञ बाईंनी चष्मा चढवला. "बरोबर आहे तुमचं. आमच्यात तसा दंडकच आहे. मत देणारा उमेदवारापासून मोकळा हवा. मग माझं एकटीचं मत चालेल. तुम्ही दोघं दहा मिनिटं बाहेर बसा." ते गेले. खोलीत दोघीच उरल्या. "हं, सांगा. स्वतःबद्दल."

हीच ती वेळ. एका मताचा प्रश्न होता आणि ते मत समोर पेन उघडून बसलं होतं. सासूबाईंचा चेहरा तिनं डोळ्यांपुढे आणला आणि तोंड उघडलं. तीनशे शब्दांपैकी एकही येईना. दोन वर्षं फक्त दुसऱ्याचं ऐकून तिचं स्वतःबद्दलचं बोलणं वापराविना गंजून गेलं होतं. "मी एक..." ती म्हणाली. "मी एक..." आणि शांतता पसरली. आता या धंद्यात शांतता ही फार धोक्याची चीज. ती कोण आधी मोडतं, त्यावर ठरतं कोण कुणाकडे आलंय.

तज्ज्ञ बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चष्मा काढला, डोळे चोळले. बस, तेवढंच. आणि हिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "दमलात तुम्ही."

"दमले?" त्या हसल्या. "अहो, काल नवरा सांगत होता, ऑफिसात त्याचं काय झालं ते. मी ऐकतेय, मान हलवतेय, आणि पन्नास मिनिटं झाल्यावर म्हणाले, 'आज आपण इथंच थांबू या.' माझ्या नवऱ्याला! तर तो बिचारा विचारतो, 'मग पुढची वेळ कधीची?'" त्या आणखी हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "वीस वर्षं, हो. भाजीवालासुद्धा मला स्वतःचंच सांगतो. मला 'तू कशी आहेस' म्हणून कुणी विचारत नाही."

"कशा आहात?"

दहा मिनिटांची पस्तीस झाली. मावशी दोनदा डोकावून गेल्या. शेवटी तज्ज्ञ बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि एकदम कपाळावर हात मारला. "अगं बाई! आता मीही मत देऊ शकत नाही की!"

"द्या हो," ती कळवळून म्हणाली. "मी ऐकलंच नाही असं समजा."

"तुम्ही? तुम्ही इतकं ऐकलंत की माझ्या पुढच्या वर्षीचंही ऐकलं असेल. तुमच्यासारखी मला आजवर भेटली नाही. म्हणून तर देऊ शकत नाही." त्यांनी हिचे दोन्ही हात हातांत घेतले. "एक होईल. ती दुसरी मुलगी, तिनं आमच्यापैकी कुणाचं काही ऐकलंच नाही, त्यामुळे तिला तिन्ही मतं आहेत. तुमचं नाव दुसरं राहील. तिनं नाही म्हटलं, तर मतांचा प्रश्नच नाही, जागा सरळ तुमची."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. टोकाला ती मुलगी होती. मावशींनी तिच्यापुढे कागद धरला, "झाली बघ तुझी निवड. सही करून आत आणून दे," आणि त्या गेल्या. मुलीनं कागद वाचला. चघळणं थांबलं. तिनं एका कानातला इयरफोन काढला.

"ताई, खरं सांगू? ही नोकरी घ्यावी असं मला वाटतच नाहीये."

तिच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. कंपनीतला तो माणूस तिला आठवला, तासाभरात हसत हसत राजीनामा देणारा. इथं तर तासाचीही गरज नव्हती. 'मग नको घेऊस' हे तीन शब्द पुरेसे होते. टिल्लीला शाळेतून आणायची रोजची वेळ, दुपारचं ते झोपलेलं पाऊल, जळालेल्या गाड्या, सगळं त्या तीन शब्दांवर टांगलेलं होतं. 'मग' तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं.

"मग..." ती म्हणाली.

"मग काय?"

"मग," ती म्हणाली, आणि स्वतःचाच गळा दाबावासा वाटत असताना तिनं वाक्य पुरं केलं, "घ्यावी असं का वाटत नाही?"

मुलीनं दुसराही इयरफोन काढला. त्यातून काही वाजतच नव्हतं. "कुणी बोलू नये म्हणून लावते. मला माणसांची भीती वाटते, ताई. मोठ्या माणसांची. लहान मुलांची नाही वाटत. पण बाबा म्हणतात, भित्र्या माणसाला कोण आपली मुलं सोपवणार?"

"मुलांची भीती नाही वाटत."

"मुलांची कशी वाटेल? मी लहानपणी सगळं मनातच ठेवायचे. कुणी विचारलंच नाही. एखादं तसं मूल कोपऱ्यात बसलेलं दिसलं ना, की मला कळतं. लांबून कळतं." ती बोलता बोलता थांबली. कागदाकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की हिच्या काळजाचं पाणी झालं. "अय्या, ताई! म्हणजे मला हीच नोकरी हवीय!"

"असं तुला वाटतंय," ती क्षीण आवाजात म्हणाली.

"वाटतंय नाही, आहेच! तुमच्यामुळे कळलं. पेन आहे का तुमच्याकडे?"

पेन होतं. तिनं दिलं.

बस थांब्यावर उभं राहून तिनं विम्याच्या साहेबांना फोन केला. "सोमवारी येते, साहेब."

"या, या. खुर्चीवर फायली ठेवल्यात, त्या उचलतो," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवायच्या ऐवजी एक उसासा टाकला. "खरं सांगू का बाई, तुम्ही गेल्यापासून या कचेरीत मला असं एकटं..." बस आली, भरली, सुटली, तिचा थांबा आला, ती उतरली आणि घराच्या फाटकाशी पोचली, तेव्हा साहेब म्हणाले, "बरं वाटलं बोलून."

घरात सगळे दाराकडे डोळे लावून होते. नवरा लवकर आला होता.

"काय झालं?"

"नाही झालं. सोमवारपासून कचेरी."

"अगं, पण का? काय विचारलं त्यांनी?"

"मला काहीच नाही विचारलं."

"मग दोन तास काय चाललं होतं?"

"ते सांगता येत नाही."

"तुझी मुलाखत आणि तुलाच सांगता येत नाही?" सासूबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे नीट बघून पुढचं सगळं गिळलं आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "बरं. गुडघे माझे आहेत अजून. बघू."

त्या 'बघू'नं तिला रडू यायला हवं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्षांचा निरोप होता, अर्जावरचा नंबर शोधून पाठवलेला. 'चिठ्ठी न लिहिता तोंडानं विचारलं, चहा घेणार? ती म्हणाली, साखर कमी. नंतर विचारलं, भांडलो कशावरून? तिलाही आठवत नाही!' ती एकटीच खुदकन हसली.

"कोण आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"कुणी नाही."

पाठोपाठ मुख्याध्यापिकांचा आला. शब्द नव्हतेच, नुसता फोटो. बाळ समोरून घेतलेलं, भुवया वरच, पण बाळाच्याही भुवया वर आणि दोघी एकमेकींकडे अवाक होऊन बघतायत. तिनं फोन पालथा ठेवला.

टिल्ली इतका वेळ सोफ्याच्या हातावर घोडा करून बसली होती. ती उतरली, आईच्या मांडीवर चढली आणि तिचा चेहरा दोन्ही पंज्यांत धरून आपल्याकडे वळवला. हातांना खडूचा वास येत होता.

"तिथे खूप कठीण होतं?"

"थोडं."

"तू रडलीस?"

"नाही. बाकीचे रडले."

टिल्लीनं यावर खूप विचार केला. एका डोळ्यानं आजीकडे पाहिलं, एका डोळ्यानं बाबाकडे, आणि मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, अख्ख्या घराला ऐकू जाईल एवढ्या कुजबुजीत, आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं,

"मग आई, तू पास झालीस की नापास?"